धनी नसलेले निरोप

(मंडळाच्या गणेशोत्सवात नेहरू नगर, भोपाळ येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या रांगेतल्या माना नम्रतेनं खाली गेलेल्या नाहीत हे आम्हाला इथूनही दिसतंय. खाली फोन आहे. असू द्या. आम्ही तक्रार करायला उभे नाही. एव्हाना तुमच्यातल्या कुणीतरी आमचा फोटो ग्रुपवर टाकला असेल, त्याखाली तीन अंगठे आणि दोन जोडलेले हात आले असतील, म्हणजे भाषण न ऐकताच यशस्वी झालं.

माइकसमोर एकच जण दिसत असला तरी बोलतोय ते ‘आम्ही’. आम्ही म्हणजे मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे तिघे ॲडमिन. एक भेलमधून निवृत्त झालेले, एक शाळेत शिकवणाऱ्या ताई, आणि तिसरा हा बोलणारा, राज्य शासनात उपयंत्री. शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा. तेव्हा साहित्याच्या बाजूनं फार अपेक्षा ठेवू नका. नाली कुठं तुंबते हे पाहण्याची नोकरी, आणि चार वर्षं ॲडमिन राहिल्यानं माणसांची मनं कुठं तुंबतात तेही थोडंफार कळायला लागलंय.

समितीनं विषय दिला आहे, ‘समाजमाध्यमांचा त्रास आणि शिष्टाचार’. आधी त्रासच सांगतो, तो सगळ्यांना पाठ आहे.

पहाटे पाचला पहिला गुलाब येतो. त्यावर दवबिंदू, खाली सुविचार. सहापर्यंत सूर्य, कमळ, चहाचा कप आणि उडणारे पक्षी येऊन जातात. ही आपल्याच ग्रुपची कथा नाही. गुगलच्या लोकांना भारतातले फोन भरून का अडकतात याचा शोध घेताना हेच गुलाब सापडले होते, आणि २०१८ साली त्याच्या बातम्या जगभर छापून आल्या. भारतानं जगाला शून्य दिलं आणि त्यानंतर शुभ सकाळ दिली.

मग कविता येतात. कविता चांगली असली की खाली कुसुमाग्रज, विनोदी असली की पु. ल., नात्यांवर असली की व. पु. काळे. उपदेश कडक असला तर नाना पाटेकर, नाहीतर विश्वास नांगरे पाटील. आमच्या ताई मराठी शिकवतात. एकदा त्यांनी विचारलं, ‘ही कविता कुसुमाग्रजांच्या कुठल्या संग्रहातली?’ उत्तर आलं, ‘संग्रह माहीत नाही, मला पुण्याच्या मावसबहिणीकडून आली.’ पु. ल. २००० साली गेले, व. पु. २००१ साली. व्हॉट्सॲप जन्मलं २००९ साली. पण या दोघांचं त्यावरचं लेखन काही थांबायला तयार नाही. यात खरं नुकसान होतं ते ज्यानं ती कविता लिहिली त्याचं. नागपूर-साताऱ्याकडचा कुणी बिचारा आपलीच कविता दुसऱ्याच्या नावानं आपल्याच फोनवर वाचत असेल.

पुढचा त्रास भाषेचा. आपण भोपाळची मराठी माणसं. घरात मराठी, दारात हिंदी. टाइप करायला घेतलं की फोन अर्ध्या वाक्यात हिंदीत शिरतो आणि आपणही त्याच्या मागून जातो. त्यात लिहिताना गाळलेला एक शब्द काय करू शकतो ते ऐका. मागच्या हिवाळ्यात एका वहिनींनी ग्रुपवर दोनच शब्द लिहिले, ‘काका गेले.’ त्यांना म्हणायचं होतं, काका झेलम एक्सप्रेसनं पुण्याला गेले, तेव्हा उद्याच्या बैठकीला येणार नाहीत. पहिली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ अर्ध्या मिनिटात आली. पाठोपाठ चाळीस. एकानं काकांचा जुना फोटो शोधून त्याला हारही घातला. अखेर काकांनीच लिहिलं, ‘मी इटारसीला आहे, वडा खातोय. हार छान आहे.’

आपण हसतोय, त्या दिवशीही हसलो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. चाळीस जणांपैकी एकानंही वहिनींना फोन करून विचारलं नाही की काय झालं, केव्हा झालं, आम्ही येऊ का. खरंच काही झालं असतं तरी आपण त्यांच्या दारात गेलो नसतो. दोन शब्द चिकटवून पुढच्या संदेशाकडे वळलो असतो.

आता आमची चूक. ती सांगण्यासाठीच आम्ही हा विषय स्वीकारला.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात एका रात्री आमच्याकडे एक संदेश आला. एका लहान मुलाला ओ निगेटिव्ह रक्ताची तातडीनं गरज आहे, शहरातल्या अमुक रुग्णालयात, वडिलांचा नंबर अमुक, कृपया पुढं पाठवा. तारीख नव्हती. ती नाही हे आमच्या लक्षातही आलं नाही. आम्ही तिघांनी मिळून तो अकरा ग्रुपांवर टाकला आणि पुण्य केल्याच्या समाधानात झोपलो.

आपल्याच ग्रुपमधल्या एका मुलाचं रक्त ओ निगेटिव्ह. तो भर पावसात, रात्री अकराला, स्कूटरवर नेहरू नगरहून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. रुग्णालयात त्या नावाचं कुणीच नव्हतं. त्यानं संदेशातल्या नंबरवर फोन लावला. पलीकडून शांत आवाज आला, ‘भैया, वो तो दो साल पहले गुज़र गया. रोज़ फोन आते हैं. आप लोग अब मत भेजा करो.’

तो मुलगा भिजलेला परत आला आणि सकाळी आम्हाला एवढंच म्हणाला, ‘काका, पाठवण्याआधी एकदा त्या नंबरवर लावून पाहायला हवा होता.’ रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं. पण पुढचे अनेक दिवस आमच्या डोक्यातून तो मुलगा जाईल तर ते वडील येत. दोन वर्षं रोज कुणीतरी भला माणूस, रक्त द्यायला तयार होऊन, त्यांना त्यांच्या मुलाचं नाव विचारतो. त्यात आमच्या अकरा ग्रुपांची भर.

एक फोन करायला आम्हाला मिनिट लागलं असतं. आम्ही का नाही केला? कारण तो निरोप आपला आहे असं आम्हाला वाटलंच नाही. आला आणि पुढं ढकलला. पूर्वी गावात निरोप्या यायचा, तेव्हा त्याला दोन प्रश्न ठरलेले असत. कुणी सांगितलं? कधी सांगितलं? निरोपाला धनी असायचा. निरोप खोटा निघाला तर जाऊन विचारता येईल असं एक दार असायचं. आपल्या फोनमध्ये दिवसभर येतात ते बिनधन्याचे निरोप. गुलाब, कविता, औषधं, अफवा, रक्ताची मागणी, यातल्या कशालाच धनी नाही. प्रत्येकाचं उत्तर एकच, ‘मला आलं म्हणून पाठवलं.’

याचं टोक कुठं जातं ते महाराष्ट्रानं पाहिलंय. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असा संदेश त्या दिवसांत फोनाफोनांवर होता. जमावानं त्या पाचांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारलं. पाचही जणांचा जीव गेला. पिढ्यान् पिढ्या ज्या माणसांना दारात पाहून आपल्या आज्या सुपातून धान्य घालायच्या, त्याच समाजाची ही माणसं. तो संदेश पुढं पाठवणाऱ्यांत किती तरी जण आपल्यासारखेच असतील. मुलाबाळांचे, काळजीपोटी पाठवणारे. त्यांनी काठी उचलली नव्हती, अंगठा उचलला होता.

त्याच महिन्यात कंपनीनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली आणि ढकललेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण दिसू लागली. फार फिरलेल्या संदेशावर दोन बाण येतात आणि एप्रिल २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी जातो. चांगलं केलं. पण दोन बाण दिसले की आपण काय करतो? एकेक करून पाच वेळा पाठवतो.

काही जण म्हणतात, हे पाहणं ॲडमिनचं काम. इथं आम्हाला कायद्याचा थोडा आधार आहे. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं की सभासदानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, त्यात ॲडमिनचा सामील हेतू दिसत नसेल तर, ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. कारण सभासद घेणं आणि काढणं एवढंच तेव्हा त्याच्या हाती होतं, मजकूर टाकण्याआधी तो तपासणं नसतं. निकाल वाचून आम्ही तिघांनी सुटकेचा श्वास घेतला. मग भेलवाले काका म्हणाले, ‘म्हणजे जबाबदारी आता प्रत्येकाची स्वतःची. हे तर जास्त कठीण.’

निरोप कसा असावा याचा सगळ्यात मोठा दाखला मात्र आपल्याच शहरात आहे. इथं बसलेल्या ज्येष्ठांपैकी अनेकांनी ती रात्र अंगावर काढली आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली. भोपाळ स्टेशनवर उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर ड्यूटीवर होते. डोळे जळताहेत, घसा आवळतोय, फलाटावर माणसं कोसळताहेत. त्यांनी प्रवाशांनी भरलेली उभी गाडी वेळेआधी सोडायला लावली आणि शेजारच्या स्थानकांना कळवलं की भोपाळकडे गाड्या सोडू नका. त्या निरोपानं किती जीव वाचले याचा हिशेब कुणी मांडू शकणार नाही. त्या विषारी हवेचा त्रास त्यांना स्वतःला पुढं आयुष्यभर भोगावा लागला.

तो निरोप नीट पाहा. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. ज्यांना ते कळायला हवं त्यांनाच कळवलं होतं. आणि मागं उभा राहणारा माणूस होता, नावानिशी, हुद्द्यानिशी. त्याच शहरात, दुसऱ्याच दिवशी, पुन्हा गॅस फुटली अशी अफवा उठली. आदल्या रात्री वाचलेली, डोळ्यांना पट्ट्या बांधलेली माणसं पुन्हा जीव घेऊन पळाली. तेव्हा मोबाइल नव्हते. निरोपाचे दोन्ही नमुने मात्र होते, एक धन्याचा आणि एक बिनधन्याचा.

आता आमच्या खात्यातलं सांगतो. उपयंत्र्याच्या हाती एक पुस्तक असतं, माप पुस्तिका. आम्ही तिला एमबी म्हणतो. रस्ता झाला, भिंत झाली, की जाऊन फीत लावायची आणि लांबी, रुंदी, जाडी त्यात लिहून सही करायची. नोकरीला लागलो तेव्हा एका ज्येष्ठ साहेबांनी सांगितलं होतं, ‘ज्याचं माप तू घेतलं नाहीस, त्यावर सही करू नकोस. ठेकेदार कितीही घाईत असो.’ दुसरा नियम असा की एमबीत खोडरबर चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एक रेघ मारायची, चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला पुन्हा सही. पान फाडलं तर नोकरी जाते.

रक्ताच्या प्रकारानंतर आम्हाला वाटलं, फोनचीही एमबीच ठेवली पाहिजे. आमच्यापुढं सोपा रस्ता होता, संदेश गुपचूप ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करण्याचा. तो तेवढा कोरा झाला असता. आम्ही तसं केलं नाही. अकराच्या अकरा ग्रुपांवर आम्ही लिहिलं, ‘काल आम्ही पाठवलेला रक्ताचा संदेश जुना होता. आम्ही खात्री केली नव्हती. तो नंबर कृपया काढून टाका, पुढं पाठवला असेल तर तिथंही हे कळवा. चूक आमची.’ खाली तिघांची नावं. खरं सांगतो, संदेश पाठवायला तीन सेकंद लागले होते, हे चार ओळींचं लिहायला दोन तास लागले. आणि मूळ संदेशाला जितके अंगठे आले होते, त्याच्या पावही या दुरुस्तीला आले नाहीत. दुरुस्ती कुणी पुढं ढकलत नाही.

त्यानंतर मंडळाच्या बैठकीत आपण ग्रुपचे काही नियम ठरवले. तुमच्यापैकी बरेच जण हजर होते, तरी पुन्हा सांगतो.

एक, मदतीची हाक असेल तर आधी त्या नंबरवर स्वतः बोलायचं, आणि मग ‘आज इतक्या वाजता मी बोललो’ असं लिहूनच पाठवायचं. दोन, कविता-लेख लेखकाची खात्री असेल तर नावानिशी, नसेल तर ‘लेखक ठाऊक नाही’ असं स्पष्ट लिहून. तीन, चूक झाली तर पुसायची नाही, जिथं जिथं पाठवलं तिथं तिथं दुरुस्ती. चार, वाद समोरासमोर. ग्रुपवर भांडून ‘बाहेर पडले’ अशी पाटी लावून जायचं नाही, मुख्य म्हणजे बाकीच्यांनी त्याला ‘परत घ्या’ म्हणून ॲडमिनच्या मागं लागायचं नाही.

पाचवा नियम मृत्यूचा. घरच्यांनी कळवल्याशिवाय कुणाच्या जाण्याची बातमी टाकायची नाही, आणि अपघाताचं चित्रण तर मुळीच नाही. १३ सप्टेंबर २०१९ ची पहाट आपण विसरलेलो नाही. खटलापुरा घाटावर विसर्जनाच्या वेळी नावा उलटल्या आणि पिपलानीची अकरा मुलं गेली. त्या क्षणांची चित्रफीत त्या दिवशी फोनांवर फिरत होती. आपल्यातल्या किती जणांनी ती पाहिली असेल आणि किती जणांनी पुढं पाठवली असेल? त्या अकरा घरांतही फोन होते. एवढंच म्हणतो.

सहावा नियम आम्ही आणणार होतो, शुभ सकाळ बंद. ठरावही लिहून तयार होता. पण त्याआधी एक घडलं. कोटऱ्यात एकट्या राहणाऱ्या आपल्या एक आजी रोज पावणेसहाला गुलाब पाठवतात. आम्ही तिघंही तो न बघता पुसत असू. एका मंगळवारी साडेसातपर्यंत गुलाब नाही. शेजारच्या वहिनींना चुकल्यासारखं वाटलं, त्या जाऊन पाहतात तर आजी न्हाणीघरात घसरून पडलेल्या, उठता येत नव्हतं. वेळेवर दवाखान्यात नेलं, आज त्या इथं दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि माझ्याकडं रागानं पाहताहेत, कारण त्यांना आता कळलं की आम्ही त्यांचे गुलाब पुसत होतो. माफ करा, आजी.

आजींच्या गुलाबाला धनी होता. त्याचा अर्थ एकच होता, ‘मी आहे.’ ठराव आम्ही फाडला. त्याऐवजी विनंती केली की चित्र नको, स्वतःच्या हातानं दोन शब्द लिहा. ‘गुडघा दुखतोय’ लिहिलं तरी चालेल. आता सकाळी ग्रुपवर गुडघे, पाणी आलं का, दूधवाला आला का, नातवाचा पेपर कसा गेला, असं येतं. कमी येतं, पण वाचलं जातं. आमच्या ताई म्हणतात की लोकांचं मराठीही सुधारलंय, कारण ढकलायला मराठी यावं लागत नाही, लिहायला यावं लागतं. इथं, महाराष्ट्रापासून दूर, हा फायदा लहान नाही.

शेवटी, ज्याच्यासमोर उभे आहोत त्याची गोष्ट. व्यासांना महाभारत सांगायचं होतं आणि लिहून घेणारा हवा होता. गणपतीनं अट घातली, ‘माझी लेखणी थांबता कामा नये.’ व्यासांनी उलट अट घातली, ‘अर्थ कळल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही.’ बुद्धीच्या दैवतानं ती मान्य केली. मग व्यास मधूनच एखादा अवघड श्लोक घालायचे, गणपती त्यावर विचार करायचा, आणि तेवढा वेळ व्यासांना पुढचं रचायला मिळायचा.

आपल्या बोटांचीही अट पहिलीच आहे, थांबायचं नाही. व्यासांची अट मात्र आपण घ्यायची विसरलो. यंदा बाप्पाला निरोप देताना तेवढं मागून घेऊ या. पाठवण्याआधी क्षणभर थांबायची बुद्धी दे.

आता मागच्या रांगेतल्या मित्रांनो, आमचा फोटो टाकला असेल तर टाका. फक्त खाली ‘छान भाषण’ असं लिहिण्याआधी ते ऐकलं होतं का, एवढं स्वतःला विचारा.

गणपती बाप्पा मोरया!